गाडीचा पिवळा दिवा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी प्रवासावर लिहितो, कोणी नाट्यसंगीतावर, कोणी आपल्या बागेतील कलमांवर. यंदा मी मोटारीतल्या एका लहानशा दिव्यावर लिहीत आहे. चावी फिरविताच चालकासमोरच्या फलकावर सगळे दिवे क्षणभर उजळतात आणि इंजिन सुरू झाले की विझतात. त्यांतला इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा मात्र एखाद्या दिवशी विझतच नाही. गाडी नेहमीसारखी चालते, आवाज नाही, धूर नाही, तरी दिवा आहेच.

अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांचे वर्तन दोन प्रकारचे असते. काही जण म्हणतात, गाडी चालते आहे ना, मग असू दे. इतर जण त्याच दिवशी गॅरेज गाठतात आणि तिथे जो भाग सांगितला जाईल तो बदलून मोकळे होतात. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार म्हणजे अंगात ताप आहे पण मूल खेळते आहे म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवणे, आणि दुसरा म्हणजे ताप दिसताच न तपासता तिसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन सुरू करणे. दोन्ही प्रकार मी दवाखान्यात रोज पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र स्वतः डॉक्टर मंडळीही याच दोन टोकांना असतात, याची मला गंमत वाटते.

या दिव्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या नावातूनच निर्माण झाला आहे. ‘चेक इंजिन’ म्हणजे इंजिन बिघडले, असे आपण समजतो. वास्तविक हा दिवा कायद्याने गाडीत बसवावा लागला तो इंजिनाच्या काळजीपोटी नव्हे, तर गाडीच्या मागच्या नळीतून जे बाहेर पडते त्याच्या काळजीपोटी. या दिव्याचा जन्म श्वासाच्या विकारांतून झाला आहे, आणि त्याच्या कहाणीत बालरोगशास्त्राचाही भाग आहे, म्हणून ती थोडी सांगतो.

१९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे, घसा खवखवविणारे दाट धुरके उतरले. त्याचे मूळ शोधले ते आरी हागन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ कॅलिफोर्नियात अननसाच्या स्वादावर संशोधन करीत होता! पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात. या शोधातून पुढे धुरावर कायदे आले आणि १९७५ पासून अमेरिकेतील नव्या गाड्यांच्या धूरनळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे भांडे बसू लागले. प्लॅटिनम, पॅलेडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप दिलेल्या त्याच्या जाळीतून जाताना विषारी वायू बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात.

या भांड्याला एक शत्रू होता, तो म्हणजे पेट्रोलमधले शिसे. शिशाने लेप निकामी होतो, म्हणून शिसेरहित पेट्रोल आणणे भाग पडले. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या बालमनोविकारतज्ज्ञाने मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून, ज्यांच्या दातांत ते अधिक त्यांची बुद्धी व एकाग्रता कमी भरते असे दाखविले, तेव्हा या बदलाचे वैद्यकीय मोल जगाला कळले. भारतात चार महानगरांतील नव्या गाड्यांना १९९५ मध्ये कन्व्हर्टर आला आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल मिळू लागले. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, शिशाचे पेट्रोल बंद केले ते २०२१ मध्ये. मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो तेव्हा पंपावरचे पेट्रोल शिशाचेच होते, हे आजच्या निवासी डॉक्टरांना सांगितले तर त्यांना ते खरे वाटत नाही.

आता प्रश्न उरला तो असा की कन्व्हर्टर आणि त्याचे साथीदार नीट काम करीत आहेत की नाहीत हे पाहणार कोण? गाडीच्या संगणकानेच आपल्या अवयवांवर लक्ष ठेवावे आणि धूर बिघडण्याची शक्यता दिसताच चालकाला दिवा दाखवावा, असे ठरले. कॅलिफोर्नियात त्याची पहिली आवृत्ती १९८८ च्या गाड्यांत आली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व गाड्यांना ओबीडी-दोन ही समान पद्धत लागू झाली. आपल्याकडे पहिली पायरी २०१० मध्ये आणि ओबीडी-दोन एप्रिल २०१३ पासून आली. तेव्हा तुमची गाडी त्यानंतरची असेल तर पुढचे सारे तिला लागू आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची नाडी कानानेच पाहावी लागे, आणि ती पाहणारे कान पेडण्यात होते. पण तो वेगळा विषय झाला.

दिवा दिसल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्याचा रंग आणि वागणूक पाहणे. तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा असेल तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तिथे चर्चेला जागा नाही. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीच्या चालीत फरक नसेल तर दोन-चार दिवसांची सवड असते. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच बाहेर जात आहे, याला मिसफायर म्हणतात. ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, भांडे लालबुंद होते आणि आतली जाळी वितळू शकते. मोप्याच्या सड्यावर नोव्हेंबरनंतर जे वाळलेले गवत असते त्यावर अशी गाडी उभी करणे म्हणजे आगीला आमंत्रण. वेग कमी करावा, चढावर जोर लावू नये आणि लवकरात लवकर थांबावे.

येथे एक प्रश्न मला पालकांकडून खरोखर विचारला गेला आहे. गाडीत आजारी मूल आहे, बांबोळीच्या वाटेवर दिवा लुकलुकू लागला, तर काय करावे? माझे उत्तर असे की मूल आधी, कन्व्हर्टर नंतर. तो विकत मिळतो. गाडी ओढ घेत असेल तर हळूहळू म्हापशापर्यंत तरी जावे, तिथे जिल्हा इस्पितळ आहे. गाडी गचके देत असेल तर १०८ ला फोन करावा. आपल्याकडे ही सेवा २००८ पासून आहे. आचके देणाऱ्या गाडीत धाप लागलेल्या मुलाला घेऊन कोलवाळच्या पुलावर बंद पडणे सर्वांत वाईट.

सवड असलेल्या पिवळ्या दिव्याचे घरी काय करता येते? चालकाच्या गुडघ्याच्या वर, फलकाच्या खालच्या अंगाला सोळा छिद्रांचा एक सॉकेट असतो. त्यात बसणारे काड्यापेटीएवढे ब्लूटूथ उपकरण काही शे रुपयांपासून मिळते आणि मोबाइलवरील अ‍ॅपवर गाडीचा संगणक आपली तक्रार सांगतो. या सॉकेटच्या एका टोकाला बॅटरीचा प्रवाह कायम असतो, म्हणून काम झाल्यावर उपकरण काढून ठेवावे. नाहीतर आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते आणि आपण नव्या आजाराचे निदान करीत बसतो.

तक्रार येते ती एका अक्षराच्या आणि चार आकड्यांच्या संकेताने. पी म्हणजे इंजिन व गिअर यांचा परिवार. त्यानंतरचे शून्य म्हणजे हा संकेत सर्व कंपन्यांना समान. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या स्थानावरून विभाग कळतो: एक व दोन म्हणजे इंधन आणि हवा, तीन म्हणजे ठिणगी, चार म्हणजे धुराच्या शुद्धीची यंत्रणा. पी ०३०२ म्हणजे दोन क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम अपुरे. संकेताबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही मिळते: दोष आढळला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेले. रात्री दोन वाजता मुलाला आकडी आली तेव्हा नेमके काय घडले हे सांगणारी शांत डोक्याची आजी घरात असावी, तशी ही नोंद आहे. पहिले काम म्हणजे हे सर्व कागदावर उतरवून घेणे किंवा पडद्याचे छायाचित्र ठेवणे.

यानंतरच्या पायरीवर बहुतेक लोक घसरतात. संकेतात ज्या भागाचे नाव आहे तो भाग बिघडला आहे, असे धरून चालतात. संकेत एवढेच सांगतो की तक्रार कोठे ऐकू आली. पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलाच्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असू शकतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

दोन वर्षांमागे जुलैत माझ्या गाडीने पी ०१३५ दाखविला. अर्थ असा की कन्व्हर्टरच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरला ऊब देणाऱ्या तारेच्या वर्तुळात दोष. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून संगणकाला पेट्रोल किती द्यावे हे सांगतो. पण तो तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक विजेचा हीटर असतो. फोनवर चौकशी केली तेव्हा एका ठिकाणाहून गाडी न पाहताच उत्तर आले की सेन्सर बदलावा लागेल. मी मल्टिमीटर घेतला. इंजिन थंड असताना सेन्सरची जोडणी सोडविली. तिच्यात सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन तारा असतात, बहुधा पांढऱ्या, त्या हीटरच्या. त्यांच्यामधला रोध नऊ ओहमच्या आसपास भरला, म्हणजे हीटर शाबूत होता. तो जळलेला असता तर काटा हललाच नसता. मग चावी चालू करून गाडीच्या बाजूच्या जोडणीत बारा व्होल्ट येतात का पाहिले. येत नव्हते. फ्यूज ठीक होता. म्हणजे फ्यूज आणि जोडणी यांच्या मधल्या तारेत काहीतरी होते.

तार हाताने चाचपत गेलो तेव्हा बॅटरीच्या मागच्या कोनाड्यात सुपारीची सोडणे, फणसाच्या आठळीचा तुकडा आणि उंदराच्या लेंड्या सापडल्या. पावसाळ्यात शेतात पाणी भरले की उंदीर घरांकडे सरकतात आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनासारखी उबदार, कोरडी जागा त्यांना दुसरी मिळत नाही. माझी गाडी कुळागराच्या गडग्याला लागून उभी असते; पाहुण्याने तारेचे आवरण सोलून आतले तांबे तोडले होते. लेप्टोस्पायरोसिसचे दिवस, म्हणून हातमोजे घालून साफसफाई केली. ही सूचना माझ्या अभियंता मित्रांना कोणी देत नाही, तेव्हा ती येथे मुद्दाम नोंदवितो. पेडण्याच्या बाजारातल्या वायरिंगवाल्याने तार जोडून, झाळून वर उष्णतेने आवळणारी नळी चढविली. अर्ध्या तासाचे काम. सेन्सरला हातही लावावा लागला नाही.

ही तार तुटली होती तेव्हा गाडी उत्तम चालत होती. मग बिघडले काय होते? कन्व्हर्टर सुमारे अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून थंड इंजिनाची पहिली काही मिनिटे सर्वांत घाणेरडी असतात. सेन्सरचा हीटर हा काळ आखूड करण्यासाठीच आहे. हीटर बंद म्हणजे रोज सकाळी संगणक अधिक वेळ अंदाजाने पेट्रोल ओतीत राहणार. आणि सकाळची ही पहिली मिनिटे आपण कोठे घालवितो? शाळेच्या फाटकाशी, इंजिन चालू ठेवून. बालवाडीतल्या मुलाचे नाक आणि गाडीची धूरनळी यांच्या उंचीत फारसे अंतर नसते. गाडीच्या मालकाला या दोषाचा त्रास शून्य, म्हणून तो दिव्यावर चिकटपट्टी लावतो. त्रास ज्याला होतो त्याला फलकावरचा दिवा दिसत नाही.

पीयूसी प्रमाणपत्र आहे, मग काळजी कसली, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले होते. ती तपासणी उभ्या, तापलेल्या गाडीच्या नळीच्या तोंडाशी होते. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने पाहतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. सकाळच्या थंड इंजिनाचे तिला काही कळत नाही. दिवा जळत असताना हातात वैध प्रमाणपत्र असणे सहज शक्य आहे.

अमेरिकेतील आप्तांचा एक सल्ला हमखास येतो: पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट लाव, दिवा जाईल. तिकडे टाकीतून निसटणाऱ्या वाफेची गळतीही संगणक तपासतो, म्हणून तो सल्ला तिथे बरोबर आहे. आपले नियम युरोपीय धर्तीचे. इथल्या बहुतेक गाड्या ही गळती मोजत नाहीत. झाकण घट्ट लावावे, पण त्यावर विसंबू नये. आपल्याकडे विचारण्याचे प्रश्न वेगळे: लाल मातीच्या धुळीने हवेची जाळी तुंबली आहे का, हरमल-मोरजीच्या खाऱ्या वाऱ्याने जोडण्या गंजल्या आहेत का, पेट्रोल शेवटचे कोठे भरले. २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास आले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जळणासाठी इंधन थोडे अधिक द्यावे लागते. संगणक ते आपोआप देतो. पण जुन्या गाडीत पंप किंवा इंजेक्टर आधीच थकलेले असतील तर त्याची मर्यादा लवकर संपते आणि पी ०१७१ उमटू शकतो. तो दोष इथेनॉलचा म्हणावा की थकव्याचा, यावर वाद घालणाऱ्यांनी आधी इंधन-पंपाचा दाब मोजावा.

उपकरणात ‘पुसा’ असे एक बटण असते, आणि त्याचा मोह फार मोठा. ते दाबले की दिवा विझतो, फ्रीझ फ्रेम नष्ट होते आणि संगणकाने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या खुणाही पुसल्या जातात. दोष असेल तर दिवा दोन-तीन फेऱ्यांत परत येतो. गाडी विकण्यापूर्वी हे बटण दाबणारे महाभाग आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने उपकरण लावून तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात का ते पाहावे. दोष खरोखर दूर झाला असेल तर बटणाची गरज नसते. सलग तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही की दिवा आपण होऊन विझतो आणि पुढे चाळीस वेळा इंजिन थंडाचे गरम झाले की संकेतही स्मृतीतून जातो.

घरी काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला ते ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या आणि नारिंगी आवरणाच्या हायब्रिडच्या तारांना हात लावू नये. डिझेल गाडीच्या इंधननळ्या सोडवू नयेत: आतला दाब हजार बारपेक्षाही जास्त असतो आणि बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. शल्यचिकित्सक मित्रांना सांगायला नको, बोटावर टाचणीएवढे भोक दिसणारी ही जखम तातडीने उघडावी लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका लहान रुग्णाचे वडील, मोपा विमानतळावर टॅक्सी चालविणारे, मुलाला दाखवून झाल्यावर घुटमळले. गाडी कर्जाची. चार प्रवासी आणि सामान घेऊन मालप्याचा चढ चढताना दिवा लुकलुकला होता, आणि एके ठिकाणी कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च सांगितला गेला होता, तो त्यांच्या कित्येक हप्त्यांएवढा होता. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर आम्ही उपकरण लावले. दोन संकेत होते, पी ०३०२ आणि पी ०४२०. फ्रीझ फ्रेम मिसफायरची: वेग कमी, इंजिनावरचा भार पुष्कळ, पाणी पूर्ण तापलेले. चढाची गोष्ट खरी होती.

दोन संकेत असले की कोणता आधीचा हे पाहावे. न जळलेले पेट्रोल आणि हवा कन्व्हर्टरमध्ये जात असताना त्याची परीक्षा घेणे म्हणजे जुलाब चालू असताना मुलाच्या वजनावरून कुपोषण ठरविणे. म्हणून कन्व्हर्टर बाजूला ठेवला. त्या गाडीत प्रत्येक सिलिंडरवर ठिणगीची स्वतंत्र कॉइल होती. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी दोन आणि तीन क्रमांकाच्या कॉइलींची अदलाबदल केली, एकेका बोल्टचे काम. प्लग जागेवरच ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच उत्तर मिळते. संकेत लिहून घेतलेले होतेच, ते पुसले आणि त्यांना रिकाम्या गाडीने तोच चढ एकदा चढून यायला सांगितले. अर्ध्या तासाने ते परतले तेव्हा पडद्यावर पी ०३०३ होता. दोष कॉइलीबरोबर चालत गेला होता.

नवी कॉइल त्यांनी म्हापशाहून आणून स्वतःच बसविली. कन्व्हर्टरच्या खर्चापुढे तिची किंमत किरकोळ होती. पी ०४२० पुन्हा येतो का हे पाहण्यासाठी मी त्यांना पंधरा दिवसांनी, मुलाच्या लसीच्या वेळी, गाडी घेऊन यायला सांगितले. मुलाचे वजन दोनशे ग्रॅमने वाढले होते, आणि उपकरणावर एकही संकेत नव्हता.